फ्यूजची शलाका-परीक्षा

ज्याला आपण दारातून घालवून दिले, त्याच्याच हातून श्वास घेण्याची वेळ यावी, यात कोणी दैवाचा न्याय पाहील, कोणी नुसता योगायोग. मला त्यात एक प्रश्न दिसतो. अवहेलना करणाऱ्याने अशा वेळी निमूट मान खाली घालावी, की ज्याची अवहेलना केली त्याची योग्यता आधी पारखावी आणि मगच त्याचे दान घ्यावे? आमचे गुरुजी, न्यायशास्त्राचे अध्यापक नृसिंहशास्त्री टेंगसे, यांनी दुसरा मार्ग धरला. तो धरला तेव्हा त्यांच्या नाकाला प्राणवायूची नळी लावलेली होती.

"अच्युता, ही काय वस्तू घेऊन आलास?"

गुरुजींनी हे मला विचारले ते माझ्या हातातल्या पिशवीविषयी नव्हे. माझ्यामागे उंबरठ्याबाहेर जो मनुष्य उभा होता, त्याच्याविषयी.

"गुरुजी, हा चिदंबर. मिरजेला रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करतो. आपलं यंत्र बघायला—"

"नाव ठाऊक आहे मला. दृष्टी गेलेली नाही, श्वास गेलाय." ते थांबले, धापले, पुन्हा बोलले. "हा तारवाला या घरात कशाला?"

चिदंबर उंबरठ्यावरूनच म्हणाला, "तारेचंच काम निघालंय म्हणून. मंत्राचं असतं तर मला कोणी बोलावलं नसतं."

वर्षे लोटली होती, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, पण त्याची जीभ पाठशाळेत असताना होती तशीच होती. गुरुजींची तर होतीच.

कृष्णाकाठी आमचे गाव आहे. तिथल्या पाठशाळेच्या माडीवर गुरुजी आणि त्यांची कन्या उमाताई राहत. फुप्फुसांच्या विकाराने गुरुजींचे बोलणे तुटक झाले होते, पण बोलण्यातली धार बोथट झाली नव्हती. खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे एक यंत्र त्यांच्या उशाशी घरघरत असे आणि त्याच्यावरच त्यांचा दिवस चाले. ते यंत्र त्या सकाळपासून बंद होते. तात्पुरता म्हणून डॉक्टरांनी एक लहान सिलिंडर दिला होता. तो संध्याकाळपर्यंत पुरेल, पुढे मिरजेच्या रुग्णालयात न्यावेच लागेल, असे त्यांनी बजावले होते. गुरुजींनी त्यांना ऐकवले होते, "पाठशाळेबाहेर मला चौघांनी उचलून न्यायचं. त्याआधी नाही."

यंत्र पाठशाळेला अर्पण केले होते संस्थेचे चिटणीस आणि गुरुजींचे पुतणे आप्पासाहेब यांनी. यंत्र कसे चालवावे याच्या सूचना निर्मात्याने बारीक अक्षरांत छापल्या होत्या. त्यांच्यावरच लाल रंगाने आप्पासाहेबांचे नाव रंगवून घेण्यात आले होते. अशा लोकांविषयी मला कधी द्वेष वाटला नाही. द्वेष करायला समोर काहीतरी असावे लागते. आप्पासाहेब म्हणजे इस्त्री होते. तिच्याखाली कपडा होता की नाही, हे आम्हाला कधी कळले नाही.

त्या कलत्या दुपारी ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते.

"मिरजेहून माणूस आणायची काय गरज होती?" ते म्हणाले. "मी केलं होतं की चालू. फ्यूज उडाला होता. बाजारातून आणला, तोही उडाला. आणखी एक आणला, तोही. म्हटलं, मालच खोटा. मग सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळली आणि बसवला. झालं सुरू! हिनंच घाबरून प्लग उपटला."

"जळका वास येत होता, आप्पादादा," उमाताई म्हणाली.

"नवीन वस्तूला येतो वास."

"वर्ष झालं आणून."

चिदंबरने उत्तराची वाट पाहिली नाही. चपला काढून तो आत आला, यंत्र भिंतीपासून पुढे ओढले, मागचे छोटे झाकण पेचकसाने उघडले आणि आतली कांडी चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेली. करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आणि भोवती सुरकुतलेली चंदेरी.

"आप्पासाहेब," तो अगदी आदराने म्हणाला, "ही लाच आहे. पहारेकऱ्याच्या तोंडात कोंबलेली. आता चोर आला काय, आग आली काय, तो बोलणार नाही."

"म्हणजे?"

"आतला पंप अडकला असता तर प्रवाह वाढतच गेला असता. फ्यूज मध्ये पडायचा, तो पडला नसता. पंपाची गुंडाळी पेटली असती. आणि शेजारून नळी कशाची जाते? प्राणवायूची. तुमचं नाव चांगल्या रंगात आहे, तेवढं कदाचित राहिलं असतं."

आप्पासाहेब लालबुंद झाले. "फ्यूजवर आकडा बघून आणला होता मी! तीन पूर्णांक पंधरा. होता तोच आकडा!"

"आकडा वाचलात. अक्षर वाचलं नाहीत."

गुरुजींनी मान वळवली. इतका वेळ ते छताकडे पाहत होते. उशीजवळचा चष्मा त्यांनी चाचपून डोळ्यांवर चढवला. त्या चष्म्याची एक काडी आम्ही विद्यार्थी होतो तेव्हापासून बिजागरीशी मोडलेली होती, आणि तेव्हापासूनच ती तांब्याच्या तारेने बांधलेली होती. नवी काडी घ्या म्हटले की ते म्हणत, "दिसतं ना? मग काडीचं कौतुक कशाला?"

"कोणतं अक्षर?" त्यांनी विचारले.

चिदंबरने त्यांच्याकडे न पाहता पिशवीतून पत्र्याची डबी काढली. तीत तशाच कांड्या होत्या, पुष्कळ, एकात एक मिसळलेल्या. तो योग्य ती शोधू लागला.

"मी विचारलं, कोणतं अक्षर."

"तुम्हाला काय करायचंय? यंत्र सुरू झालं म्हणजे झालं."

"ज्याचा अर्थ मला कळत नाही," गुरुजी एकेक शब्द श्वासाने वेगळा करीत म्हणाले, "त्याच्यावर मी जगत नाही. ठेव ते खाली. अर्थ सांग, मग बसव."

"बाबा!" उमाताई कळवळली. "सिलिंडर संपत आलाय. जीव जाईल!"

"जाईल तेव्हा जाईल. अडाण्यासारखा जाणार नाही."

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पाठशाळेत अध्ययनाच्या शेवटी शलाका-परीक्षा होई. मिटलेल्या पोथीत गुरुजी पितळेची एक बारीक सळई, म्हणजे शलाका, खुपसत. जे पान निघेल त्याचा अर्थ विद्यार्थ्याने शंकासमाधानासह सांगायचा. परीक्षेच्या आसनावर एकदा बसलेला विद्यार्थी गुरूने 'ऊठ' म्हणेपर्यंत उठत नसे. तो शब्द हेच त्याचे प्रमाणपत्र. वेगळा कागद कोणी देत नसे, कोणी मागत नसे.

चिदंबरची परीक्षा मंडपात चालली होती. पुढचा क्रम माझा, म्हणून मी भिंतीशी बसलो होतो. वीज त्या काळी सारखी जाई, पण त्या दिवशी दिवे अढळ होते. शलाका पोथीत गेली, पान उघडले, आणि चिदंबर एकाएकी आसनावरून उठून दाराजवळच्या वीजफलकाकडे धावला. त्याने मुख्य खटका पाडला. मंडपात अंधार झाला. पाठशाळेतला रेडिओ तोच दुरुस्त करी, बाजारातल्या रेडिओच्या दुकानात तोच जाऊन बसे, आणि गुरुजींना ते मुळीच खपत नसे. त्या अंधारात गुरुजींचा आवाज आला, "शास्त्रापेक्षा तारेची ओढ आहे तुला. आसन सोडलंस. आता परत बसू नकोस. आजही नाही, कधीच नाही." चिदंबर एक शब्द बोलला नाही. आपली वळकटी उचलून तो पहाटेच्या एसटीने गेला. फलकावर काय झाले होते, हे आम्ही कोणी विचारले नाही. गुरुजींनी 'परत बसू नकोस' म्हटल्यावर विचारायचे काय?

तोच चिदंबर आता माडीवर डबी हातात घेऊन उभा होता. गुरुजींनी उमाताईला खूण केली.

"कोनाड्यातली शलाका दे."

तिने नाइलाजाने दिली. गुरुजींनी पलंगाजवळच्या रिकाम्या जमिनीकडे बोट दाखवले.

"बस तिथे."

चिदंबर हलला नाही. "तुम्हीच म्हणाला होतात, परत बसू नकोस."

"मीच म्हणतोय, बस."

तो बसला. चटई नव्हती, आसन नव्हते. पत्र्याची डबी त्याने पलंगावर, गुरुजींच्या हाताशी ठेवली. आप्पासाहेबांना हसू आवरेना. "काका, कांड्यांची परीक्षा! वर्तमानपत्रात द्यायला हवं."

"आप्पा," गुरुजी म्हणाले, "तू प्राणवायू कमी वापर. इथे तुटवडा आहे." आणि मग चिदंबरकडे वळून, "लक्षण सांग फ्यूजचं."

लक्षण म्हणजे व्याख्या. न्यायशास्त्रात ती अशी हवी की वस्तूला बरोबर बसेल. एक गुंजही जास्त नको, की कमी नको.

"प्रवाह जास्त झाला की परिपथ तोडतो तो."

"जास्त सैल. वीजमंडळाचा वायरमनही तोडतो."

"स्वतः वितळून तोडतो तो."

"आप्पाची चंदेरीसुद्धा वितळेल."

"वितळेल. पण यंत्र जळून झाल्यावर." चिदंबर थोडा पुढे सरकला. "ज्याची वितळण्याची वेळ यंत्राच्या जळण्याच्या वेळेआधीची ठरवलेली असते, तो फ्यूज."

गुरुजींनी डोळे मिटले. हे त्यांचे 'ठीक' होते. आम्ही त्यांचे विद्यार्थी, आम्हाला ते ओळखता येई. मग त्यांनी शलाका डबीत खुपसली आणि टोकाला लागलेली कांडी बाहेर लोटली.

"वाच."

चिदंबरने खिशातले भिंग काढले. टोपीवर खोदलेली अक्षरे मुंगीच्या पायांएवढी होती. "एफ, तीन पूर्णांक पंधरा, एल, दोनशे पन्नास. आप्पासाहेबांनी आणला तोच प्रकार."

"पहिलं अक्षर."

"एफ म्हणजे शीघ्रकोपी. प्रवाह जरा वाढला की लगेच तुटतो. नाजूक यंत्रांना तसाच लागतो. पण या यंत्रात पंप आहे. पंप सुरू होताना क्षणभर दुप्पट-चौपट ओढतो, मग शांत होतो. त्या क्षणालाच हा रागावतो. म्हणून दोन्ही उडाले. माल खोटा नव्हता."

खिडकीशी खुर्ची करकरली. कोणी तिकडे पाहिले नाही.

"मग इथे काय हवं?"

"टी. जर्मन भाषेत सुस्ताला जो शब्द आहे त्याचं पहिलं अक्षर. हा क्षणभराचा झटका सोसतो. झटका टिकला तरच तुटतो."

"म्हणजे सहनशील."

"सहनशील. पण मूर्ख नव्हे."

"आकडा? एवढा प्रवाह आला की तुटतो?"

"नाही. एवढा निमूट वाहून नेतो. तुटतो तो त्याच्या बराच वर गेल्यावर."

"शेवटचे दोन?"

"दोनशे पन्नास म्हणजे तेवढ्या व्होल्टच्या दाबापर्यंत तुटल्यावर ठिणगी धरून ठेवत नाही. आणि एल म्हणजे लोंढा तोडण्याची शक्ती बेताची. काचेचा असतो. शॉर्टसर्किटचा मोठा लोंढा आला तर काच फुटेल. तिथे एच लागतो, चिनी मातीचा, आत वाळू भरलेला. ती वाळू ठिणगी गिळते."

सिलिंडरची सूंऽऽ बारीक झाली होती. उमाताई काट्याकडे आणि वडिलांकडे आळीपाळीने पाहत होती. गुरुजींचे ओठ निळसर झाले होते. त्यांनी शलाका पुन्हा डबीत घातली. कांडी बाहेर आली.

चिदंबरने ती भिंगाखाली धरली. एका टोकाची टोपी पाहिली, दुसऱ्या टोकाची पाहिली, उजेडाकडे वळून पुन्हा पाहिली.

"सांग."

"अक्षरं पुसलीत."

"तरी? इतकी वर्षं तारा ओढतोस. तार बघ आतली. अंदाज सांग."

"सांगत नाही."

"घाबरलास?"

"आतली तार बारीक दिसते, पण बारीक तार एफ मध्येही असते आणि टी मध्येही. खूण नाही तिथे मी बोलत नाही. ठाऊक नाही, गुरुजी. हा मी कोणाच्या यंत्रात घालणार नाही."

"मग डबीत काय करतोय?"

चिदंबरची मान प्रथमच खाली गेली. "टाकायचा राहिला."

"गबाळा." गुरुजी धापले. "पण जिथे प्रमाण नाही तिथे बोलायचं नाही, एवढं तरी इथून नेलंस."

मला वाटले, आता झाले. उमाताईनेही यंत्राकडे पाऊल टाकले. गुरुजींनी शलाका उचलून तिला थांबवले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "मंडपातल्या फलकावर काय झालं होतं?"

"कटआउट पेटत होता, फ्यूजची तार बसते तो. चिनी मातीची पकड लाल झाली होती. वर लाकडी पट्टी, तिच्यावर मंडपाचं कापड. फ्यूजच्या तारेच्या जागी कोणीतरी जाड तांब्याची तार घातली होती."

"कोणी?"

चिदंबरने ती पुसलेली कांडी डबीपासून दूर, जमिनीवर ठेवली.

"मी घातली होती," गुरुजी म्हणाले. "रोज दिवा जायचा. तुझ्या परीक्षेत जाऊ नये म्हणून."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

चिदंबरने बोट वर केले. अगदी जवळ नेले, पण स्पर्श केला नाही. ते बोट गुरुजींच्या चष्म्याच्या काडीकडे होते, तिला वेढलेल्या तांब्याच्या तारेकडे.

"त्याच रिळातली. फलकावरही हाच पीळ होता. तीन पदरी पीळ घालून तुम्हीच बांधता. दुसरं कोणी तसा पीळ घालत नाही."

गुरुजींचा हात काडीकडे गेला. तिथेच राहिला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंत?"

"नसतं."

"म्हणून."

आप्पासाहेब खिडकीतून नदीकडे पाहू लागले होते. आजपर्यंत त्यांनी त्या नदीकडे कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

"आसन सोडलंस ते चुकलंच होतं," गुरुजी म्हणाले. त्यांच्या स्वरात दया नव्हती. ती त्यांनी कधी कोणावर केली नव्हती, स्वतःवरही नाही.

"हो, गुरुजी."

"न सोडतास तर आम्ही सगळे जळलो असतो."

"हो, गुरुजी."

"आणि मी ते त्याच रात्री ओळखलं होतं. दिवे लावायला गेलो तेव्हा. हात भाजला माझा." त्यांनी उजवा तळवा पालथा केला, जणू अजून तिथे काही दिसणार होते. "पण गुरूने बोललेला शब्द मागे घ्यायचा नसतो, असं मला कोणीतरी शिकवलं होतं. तोही मूर्खच असावा."

सिलिंडर गप्प झाला. खोलीत त्यांच्याच श्वासाचा आवाज उरला, फाटक्या कापडातून वारा जावा तसा. उमाताईच्या तोंडून हुंदका फुटला. चिदंबर पलंगाशी गुडघ्यांवर आला होता, पण उठला नाही. सगळे अंग त्या यंत्राकडे ओढले जात असताना तो बसून राहिला. मी त्याचे हात पाहिले. मुठी आवळून त्याने ते मांडीवर धरले होते.

गुरुजींनी शलाका त्याच्या खांद्याला लावली.

"ऊठ," ते म्हणाले.

तो उठला. डबीतून नेमका फ्यूज काढून त्याने भिंगाखाली वाचला, टोपीवरची अक्षरे गुरुजींसमोर धरली, "टी," एवढेच म्हणाला, आणि कांडी जागेवर बसवली. झाकण लागले, प्लग लागला. पंप एकदा दचकल्यासारखा झाला. आम्ही सर्वांनी श्वास रोखला. मग त्याची ती ओळखीची घरघर सुरू झाली, आणि नळीतून हवा आली.

गुरुजींनी डोळे मिटले. ओठांवर हळूहळू रंग परत येऊ लागला.

"आप्पा," काही वेळाने ते डोळे न उघडताच म्हणाले, "यंत्रावरचं तुझं नाव पूस. खाली सूचना आहेत म्हणे."

त्यानंतर दोन पावसाळे गुरुजी त्याच माडीवर होते. दर महिन्याला चिदंबर मिरजेहून येई, यंत्र उघडून पाही, आणि दोघे एकमेकांना टोचून बोलत. त्या बोलण्यात गोडवा आला होता, असे मी म्हणणार नाही. तो आलाच नाही. पण चिदंबर जमिनीवर बसे आणि 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठत नसे. गुरुजींनी तो शब्द उच्चारायला पुष्कळदा मुद्दाम उशीर लावला, असा माझा समज आहे.

गुरुजींचा चष्मा आता चिदंबरच्या मिरजेच्या दुकानात आहे. पीळ सुटलेला नाही.

आता मीही थकलो आहे. संध्यावंदन झाल्यावर मी त्या माडीवरच्या सर्वांचे स्मरण करतो. गुरुजींचा श्वास, ते जिथे असतील तिथे, मोकळा असो. चिदंबरच्या हाताला अक्षर वाचण्याची बुद्धी आणि पुसलेल्या अक्षरापुढे थांबण्याचे धैर्य शेवटपर्यंत लाभो. उमाताईला निश्चिंत झोप लाभो. आप्पासाहेबांचेही कल्याण असो. ते त्या दिवशी नदीकडे पाहत होते. नदीने त्यांच्याकडे प्रसन्न दृष्टीने पाहावे.